शेवटच्या बोटीने ऐकेपर्यंत

रूपजी, तू गेलास त्या मंगळवारी ग्रुपवर तुझे दहा व्हॉइस मेसेज एका टिकेवर अडकलेले होते. रविवारच्या सेमीफायनलचे. एका ओव्हरचा एक मेसेज, दोन्ही डावांचे मिळून दहा. पाड्यावर सगळ्यांचे ऐकून झाले होते, वापीच्या कारखान्यांतल्या पोरांचे झाले होते. पण वेरावळच्या तीन बोटी खोल समुद्रात होत्या आणि तिथे रेंज नसते. त्या बोटींवर आपल्याकडची अकरा माणसं होती, त्यांतला एक तुझा मुलगा महेश. इकडे तुला न्यायची तयारी चालली होती आणि त्या अकरा जणांच्या लेखी तू ठणठणीत होतास. मी अंगणात बाकावर बसून त्या टिकांकडे बघत होते. रडू आलं नाही. ते नंतर कधीतरी येईल म्हणून मी त्याची वाटही पाहिली नाही.

लोक माझ्याकडे येऊन बसत होते, जशी काही मी घरचीच आहे. मी कोण, तर शाळेतली बाई. आशागडहून रोज वेवजीच्या बाजूला शिकवायला येणारी. सहा हिवाळे मी तुझ्या शेजारी बसून धावा लिहिल्या, तेवढं आपलं नातं. तू पहिल्यांदा आलास तो शाळेचा बाक मागायला. भात कापून झालेल्या शेतात टेनिस बॉलच्या मॅचेस होत्या आणि धावा लिहिणाऱ्याला टेकायला काही नव्हतं. मी म्हटलं, बाक शाळेचा आहे, असा देता येत नाही. तू म्हणालास, "मंग बाय, तू बाकासंगं ये." पाड्यावर सगळे सगळ्यांना तू म्हणतात. डहाणूत मला मॅडम ऐकायची सवय झालेली, त्यामुळे ते मला जरा लागलं. पण मी आले. बाकावर लक्ष ठेवायला आले, असंच मी घरी सांगितलं होतं.

त्या दिवशी मला कळलं की आपली मॅच मैदानावरच्यांसाठी असते ती थोडीच. मैदानावर चारशे माणसं होती, पण तू बोलत होतास ते बोटीवरच्या माणसांसाठी. तू स्वतः अकरा हंगाम खलाशी होतास. नारळी पौर्णिमेनंतर निघायचं, उन्हाळा संपत आला की परतायचं, आणि मधल्या दिवसांत घरचं काही कानावर नाही. म्हणून तू एका हातात माईक धरायचास आणि दुसऱ्या हातात फोन. ओव्हर संपली की मेसेज सोडून द्यायचास. बोट दहा-पंधरा दिवसांनी बंदराजवळ आली की तुझ्या सगळ्या ओव्हरी एकदम पडायच्या आणि बर्फावर मासळी लावता लावता ती माणसं मॅच ऐकायची. त्यांच्यासाठी ती तेव्हाच चालू असायची.

आणि म्हणून तुझा तो नियम. शेवटच्या बोटीने ऐकेपर्यंत निकाल सांगायचा नाही. ग्रुपवर नाही, फोनवर नाही, वापीच्या स्टँडवर कोणी भेटला तरी नाही. जिंकलेल्या टीमचा बक्षिसाचा बोकड कापून खाऊन झालेला असायचा, तरी ग्रुपवर कोणी चकार शब्द काढायचा नाही. बोटीवरचा एकेक जण "ऐकलं" म्हणून अंगठा टाकायचा, आणि शेवटचा अंगठा पडला की मग धिंगाणा. मला हे पोरकट वाटायचं. मी तसं बोलूनही दाखवलं होतं. तू म्हणालास, "तू पेपर वाटल्यावर उत्तर सांगतेस काय पोरांना?" मी पेन्सिलीला टोक करत बसले.

आपली वाटणी ठरलेली होती. धावा आणि गडी मी सांगायचे, माझ्या शाळेच्या मराठीत. बाकीचं सगळं तू, पाड्याच्या बोलीत. त्या बाकीच्यात काय नसायचं! बॉलर मागे चालत जायचा तेवढ्यात तू बांधावर कोण कोण बसलंय ते सांगून टाकायचास. अमक्याची बायको हिरव्या साडीत, मांडीवर पोशी, म्हणजे तान्ही लेक, पोशीला दोन दात आलेत. तमक्याच्या घरावर कौलं चढली. काकडीचा वेल यंदा लवकर धरला. एकदा स्पर्धेला आलेल्या एका पुढाऱ्याने चिठ्ठी पाठवली की कॉमेंट्री जरा नीट मराठीत किंवा हिंदीत होऊ द्या, आम्हालाही समजेल. तू ती चिठ्ठी माईकवर वाचून दाखवलीस, त्यांचे आभार मानलेस आणि पुढच्या बॉलपासून पुन्हा आपलं सुरू. मी तेव्हा पुढाऱ्याच्या बाजूने होते, हे आता कबूल करते. मला वाटायचं, एवढा आवाज आहे या माणसाचा, जरा भाषा सुधारली तर कुठच्या कुठे जाईल. तुला कुठे जायचंच नव्हतं, हे समजायला मला दोन हिवाळे लागले.

त्या स्पॅनिश रेडिओची गोष्टही मी कोणाला सांगितलेली नाही. महेशने तुझ्या फोनवर जगभरातले रेडिओ लागतात असं काहीतरी घालून दिलं होतं. रविवारी सकाळी लवकर पिचवर पाणी मारताना तू ते बांधावर ठेवायचास. इकडे उजाडत असायचं तेव्हा तिकडे दक्षिण अमेरिकेत रात्रीची फुटबॉल मॅच रंगात आलेली असायची. एक माणूस न थांबता बोलत असायचा, श्वास कधी घेतो कळायचं नाही. मी म्हटलं, ही स्पॅनिश आहे, तुला यातलं काय कळतं? तू हातातला डबा खाली ठेवलास आणि डोळे मिटून बोटाने दाखवायला लागलास. आता बॉल मागं गेला. आता बाजूनं निघाला. आता गर्दीत अडकला. मग तो माणूस एकदम चढला आणि त्याने गोल असा काही लांबवला की तू बोट वर धरून उभा राहिलास आणि त्याचा श्वास संपेपर्यंत खाली घेतलं नाहीस. पुढच्या रविवारी आपल्याकडचा पहिला छक्का तू तसाच लांबवलास. बांधावरच्या कोंबड्या उडाल्या. बोटीवरून आठ दिवसांनी निरोप आला, रूपजीला काय चावलं?

मी तेव्हा तुला सांगितलं होतं की अमेरिकेत फळबागांतून राबायला मेक्सिकोची माणसं येतात आणि त्यांच्यासाठी तिथल्या खेळाचं वर्णन रेडिओवर स्पॅनिशमध्ये चालतं. बेसबॉल, म्हटलं, आपल्या क्रिकेटचा लांबचा भाऊ. तू विचारलंस, "तिकडं पन वाडी हाय?" म्हटलं, आहेत, संत्र्यांच्या, द्राक्षांच्या. आपल्याकडे चिकूच्या असतात तशाच. तू मग म्हणालास, "मंग त्यांचा बोलनारा पन वाडीतनंच आला आसंल. त्याबगर त्याला कसं ठावं, मानूस काय ऐकाया बसलाय ते." मी नंतर शोधलं, पण हे कुठे लिहिलेलं सापडलं नाही. तरी तुझं म्हणणं मला पटलं होतं. तुला मी तसं सांगितलं नाही, कारण त्या दिवसांत आपण एकमेकांशी नीट बोलत नव्हतो.

नीट बोलत नव्हतो ते लाडक्याच्या आईवरून.

तिसऱ्या हिवाळ्यात पाड्यावरचा लाडक्या बोटीवर होता आणि इकडे त्याची आई गेली. शनिवारी गेली आणि रविवारी मॅच होती. तू माईक घेतलास, बांधावर कोण बसलंय ते सांगितलंस, कोणाची म्हैस व्याली ते सांगितलंस आणि लाडक्याच्या आईबद्दल एक शब्द काढला नाहीस. मी पेन्सिल खाली ठेवून तुझ्याकडे बघत राहिले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतक्या मॅचेसमध्ये तुझ्या कॉमेंट्रीत कोणी मेलंच नव्हतं. जन्म होते, लग्नं होती, दहावी पास होते, मरण नव्हतं. पंधरा-वीस दिवसांनी लाडक्या तलासरीच्या नाक्यावर उतरला तेव्हा मी तिथेच होते. त्याच्या पिशवीतून नवं कोरं लुगडं डोकावत होतं. बाईमाणसाचं, म्हातारीचं, नऊवारी. आईसाठी आणलेलं. मी तशीच तुझ्या घरी आले आणि तुला सुनावलं. म्हटलं, माईक तुझ्या हातात, आवाज तुझा, सगळं जग त्यांच्यापर्यंत पोचवतोस आणि एवढं एक लपवतोस? त्या माणसाला वेळेवर रडण्याचासुद्धा हक्क नाही? तू चुलीपुढे बसून सगळं ऐकून घेतलंस. शेवटी एवढंच म्हणालास, "बोटीवर रडाया जागा नाय, बाय."

मी म्हटलं, ते ठरवणारा तू कोण?

हा आपला वाद. नंतर तीन हिवाळे आपण शेजारी बसलो, डबा वाटून खाल्ला, तुझ्या नातीचं नाव मी शाळेत घातलं, पण हा वाद तसाच राहिला. मी तुला माफ केलं नव्हतं. माझ्या मनात तू चांगला माणूस होतास, फक्त या एका बाबतीत भित्रा होतास. असं मी ठरवून टाकलं होतं आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

तर मंगळवारी दुपारी तुला पोचवून सगळे परत आले आणि प्रश्न उभा राहिला, महेशला कसं सांगायचं. फोन लागणार नव्हता. बोट आठवड्याने लागायची होती. वायरलेसवरून बोटीच्या तांडेलला निरोप देता आला असता, पण तांडेल तो कसा आणि कधी सांगणार याचा भरवसा नव्हता. मी म्हटलं, ग्रुपवर सांगू या. तुझ्या दहा ओव्हरींच्या मागोमाग माझा मेसेज जाईल. रेंज आल्या आल्या त्याला खरं ते कळेल. मी फोन हातात घेतला होता, बोट बटणावर होतं. खरं सांगू? त्या क्षणी मला थोडं समाधानही वाटत होतं. वाद मी जिंकत होते आणि तू उलट बोलणार नव्हतास. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं ते वाटलं होतं.

तुझी बायको सोनी भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "बाय, तू लाडक्याला इचार."

लाडक्या आता बोटीवर जात नाही, कोसबाडला चिकूच्या वाडीत असतो. तो दाराशी उभा होता. म्हणाला, "माझ्या आयचं मला ठावं होतं, बाय. रूपजी धक्क्यावर उभा होता."

मला आधी समजलंच नाही. मग त्याने सावकाश सांगितलं. बोट लागायच्या आदल्या दिवशी तू वेरावळला पोचला होतास. आम्हाला तू उंबरगावला लग्नाला जातो म्हणून सांगितलं होतंस, ते मला आठवलं. सकाळपासून तू धक्क्यावर उभा होतास. लाडक्या खाली उतरला, तू त्याचा हात धरून बर्फाच्या कारखान्यामागे नेलंस, तिथे सांगितलंस, आणि तो रडून मोकळा होईपर्यंत बसून राहिलास. मग दोघांनी मिळून बाजारातून ते लुगडं घेतलं. तिच्या दिवसकार्यात ठेवायला. ज्या लुगड्यावरून मी तुला बोल बोल बोलले, ते तूच निवडलेलं होतं.

"रूपजीच्या बापाचं रूपजीला वायरलेसवर कळलेलं," लाडक्या म्हणाला. "तांडेलनं वरनं आरडून सांगलं, मशिनीच्या आवाजात. मंग चौदा दिस जाळी वढत होता. म्हनून तो जायचा. माझ्याच येळंला नाय, चार-पाच जनांच्या येळंला गेला."

मी विचारलं, मला का नाही सांगितलं त्याने? लाडक्याने खांदे उडवले. सोनी म्हणाली, "तू इचारलंस काय त्याला?"

नव्हतं विचारलं, रूपजी. मी तुला सुनावलं होतं, विचारलं नव्हतं. पण तूही सांगायला हवं होतंस. तीन वर्षं मी तुला भित्रा समजत होते आणि तू शेजारी बसून मला शेंगा सोलून देत होतास. हा कसला स्वभाव? मला अजून याचा राग येतो. आणि एक सांगते, मला आजही पूर्ण पटलेलं नाही. माणसाचं दुःख दुसऱ्याने आठ-पंधरा दिवस सांभाळून ठेवावं, यात काहीतरी चुकतं असं माझं मन म्हणतं. तू असतास तर मी पुन्हा भांडले असते, फक्त या वेळी आधी विचारलं असतं.

मी तो मेसेज पाठवला नाही. सोनीला घर सोडता येत नव्हतं, तेव्हा लाडक्याने वेरावळला जायचं ठरवलं आणि मी म्हटलं, मीही येते. बोटीच्या मालकाला फक्त बोट कधी लागणार एवढं विचारलं. दरम्यान रविवारची फायनल झाली. टीमा ठरलेल्या होत्या आणि तारीख तूच ठरवून गेलेला होतास. माईकवर मी एकटीच. पहिल्या ओव्हरला मी नुसत्या धावा सांगितल्या. बांधावरून कोणीतरी ओरडलं, "बाय, बोल ना काय तरी." मग बोलले, जमेल तसं, तुझ्या बोलीत. पोरं हसली. पण ओव्हरी फोनवरून सोडल्या नाहीत. माझा एकटीचा आवाज गेला असता तर महेशला कळलं असतं आणि तुझा घसा बसलाय वगैरे खोटं मला बोलवलं नसतं. त्या आठवड्यात ग्रुपवर साठ-सत्तर माणसांपैकी एकानेही तुझ्याबद्दल अक्षर टाकलं नाही. फुलं नाहीत, हात जोडलेले नाहीत. डहाणूत माझ्या ओळखीचं कोणी गेलं की फोन दिवसभर वाजत राहतो. तुझ्यासाठी सगळे मिळून गप्प बसले होते. त्यांचा मला फार अभिमान वाटला.

रविवारी संध्याकाळी आम्ही वापीला गाडी पकडली. मंगळवारी सकाळी नऊच्या सुमारास बोट लागली. मासळीचा वास, बर्फ फोडण्याचा आवाज, हातगाड्यांची घाई. महेश पुढच्या टोकाला दोर घेऊन उभा होता. अंगाने तुझ्यासारखाच झालाय. त्याने दोर फेकला, उडी मारली, आणि मग आम्हाला पाहिलं. आधी लाडक्याला, मग मला. बोटीवर आपले आणखी तिघे होते, तेही जागच्या जागी थांबले. गावाकडचं माणूस धक्क्यावर उभं असलं की त्याचा अर्थ काय, हे तिथे सगळ्यांना माहीत आहे. फक्त कोणासाठी उभं आहे ते माहीत नव्हतं.

मी महेशकडे चालत गेले. काय बोलायचं ते दोन दिवस घोकलं होतं, ते सगळं गेलं.

तोच आधी बोलला. "बाय, फायनल झाली?"

"झाली."

"मेसेज नाय आला."

"पाठवला नाही."

तो एका पालथ्या क्रेटवर बसला. "मंग सांग."

मी लाडक्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली. मग मी सांगायला लागले. वही नेली नव्हती, पण धावा लिहिणाऱ्याला मॅच पाठ असते. पहिला बॉल, दुसरा बॉल. कोण बॉलिंगला, कोण बांधावर. बाकीचे तिघे येऊन उकिडवे बसले. दुसऱ्या ओव्हरपासून माझी शाळेची मराठी सुटली आणि तुझ्या बोलीतलं जे काय सहा वर्षांत कानात साठलं होतं ते बाहेर यायला लागलं. कोणी हसलं नाही. आंबा यंदा चांगला मोहरलाय, सांगितलं. महेशची मुलगी आता सतरापर्यंत पाढे म्हणते, सांगितलं. मध्येच महेशने विचारलं, "आय कुठं बसली होती?"

"आली नव्हती."

त्याने मान खाली घातली. मी थांबले. तो खालीच बघत म्हणाला, "तू बोल."

मी बोलत राहिले. एक एक बॉल सांगितला, सगळा. घसा कोरडा पडला तेव्हा लाडक्याने पाण्याची बाटली दिली. शेवटच्या बॉलला दोन धावा हव्या होत्या. बॅट फिरली, बॉल उंच चढला, त्याच्याखाली एक पोरगा धावत सुटला, एवढं मी सांगितलं आणि महेशने हात वर केला.

"राहू दे, बाय," तो म्हणाला. "बाबा कवा गेला?"

गेल्या मंगळवारी, मी म्हटलं. सकाळी, चूल पेटवताना.